पाणी पाताळात गेले, म्हणजे नेमके कुठे गेले?

प्रश्न : आमची पाच एकर शेती आहे. सासऱ्यांनी खोदलेली पन्नास फुटांची विहीर माझे लग्न झाले तेव्हा मे महिन्यापर्यंत पुरायची. आता ती संक्रांतीलाच तळ दाखवते. ३०० फुटांचे पहिले बोअर कोरडे पडले. ५५० फुटांचे दुसरे मार्चनंतर दहा मिनिटे चालते आणि मग नुसती हवा ओढते. आता मालकांच्या मनात ८०० फुटांचे तिसरे बोअर मारायचे आहे आणि त्यासाठी माझ्या पाटल्या गहाण ठेवायच्या आहेत. पाणाड्याने तळहातावर नारळ धरून जागाही दाखवून ठेवली आहे. मालकांच्या मोबाइलवर एक संदेश आला आहे, की पृथ्वीवरचे पाणी दरवर्षी अवकाशात उडून चालले आहे, पुढच्या पिढीला ते मिळणार नाही, तेव्हा ज्याला जमेल त्याने आताच खोल जावे. सासूबाई म्हणतात, पाणी पाताळात गेले. नववीतला मुलगा म्हणतो, बाईंनी शिकवले आहे की पृथ्वीवरचे पाणी कमी होतच नाही, ते फक्त फिरत राहते. पाणी कमी होत नसेल, तर आमच्या विहिरीचे गेले कुठे? आणि पाटल्या द्याव्यात की नाही?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : ताई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बोअरची गाडी गावात आली की घरातील विचारविनिमय फार काळ चालत नाही, हे मी जाणतो. पाटल्या हातातच राहू द्या. तसे का म्हणतो, हे सांगण्यासाठी मात्र मला तुमचा पहिला प्रश्न नीट सोडवून दाखवावा लागेल, आणि त्यासाठी तुमच्या घरातील तिघांचेही म्हणणे एकेक करून तपासावे लागेल.

मोबाइलवरील संदेशापासून सुरुवात करू. पृथ्वीवरील पाणी अवकाशात जाते, हे त्यातील विधान खरे आहे. वातावरणात फार उंचावर पोहोचलेल्या पाण्याच्या वाफेवर सूर्याचे अतिनील किरण पडले, की तिचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. हायड्रोजन हा सर्वांत हलका वायू असल्यामुळे त्याचे काही अणू पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण तोडून कायमचे निघून जातात. आजमितीस हे प्रमाण सेकंदाला सुमारे तीन किलो हायड्रोजन एवढे आहे. एक किलो हायड्रोजन म्हणजे नऊ किलो पाण्याचे मूळ द्रव्य, या हिशेबाने वर्षाला साडेआठ लाख टनांच्या आसपास पाणी पृथ्वी गमावते. आकडा ऐकून छाती दडपते, आणि संदेश लिहिणाऱ्याला तेवढेच हवे असते. पण कोयनेचे धरण १०५ टीएमसीचे, म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचे आहे. ते काठोकाठ भरले आहे असे समजून या वेगाने पाणी अवकाशात सोडायला घेतले, तर धरण रिकामे होण्यास सुमारे साडेतीन हजार वर्षे लागतील. सर्व महासागरांची पातळी या एका कारणाने सव्वादोन-अडीच मीटर उतरायला शंभर कोटी वर्षे जावी लागतील.

एवढी कमी गळती का होते, तेही मुलाला सांगण्यासारखे आहे. आपल्या डोक्यावर सोळा-सतरा किलोमीटरवर हवा इतकी थंड असते, की विषुववृत्ताच्या आसपास तिथले तापमान शून्याखाली ऐंशी अंशांपर्यंत उतरते. खालून वर चढणारी बहुतेक सर्व वाफ तिथपर्यंत पोहोचण्यापूर्वीच गोठते आणि पाऊस, गारा, हिम होऊन परत येते. निसर्गाने घातलेले हे झाकणच आहे. शुक्र ग्रहाच्या नशिबी असे झाकण टिकले नाही. त्याच्या वातावरणातील जड हायड्रोजनचे, म्हणजे साध्या हायड्रोजनच्या दुप्पट वजनाच्या अणूंचे, प्रमाण पृथ्वीच्या तुलनेत शंभरपटींहून अधिक आहे, आणि हलका हायड्रोजन फार मोठ्या प्रमाणावर उडून गेल्याचा तो पुरावा मानला जातो. सूर्य हळूहळू तापत आहे. साधारण शंभर कोटी वर्षांनी आपलेही झाकण निकामी होईल, असे शास्त्रज्ञांचे गणित आहे. तिसऱ्या बोअरचा निर्णय तोवर लांबणीवर टाकता येईल, असे मालकांना माझ्या वतीने सांगा. ते हसले तर उत्तमच.

आणखी एक गोष्ट त्या संदेशात नव्हती. तुमच्या शेगडीला जोडलेला १४.२ किलोचा सिलिंडर संपतो, तेव्हा जळालेल्या वायूतील हायड्रोजन हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून सुमारे बावीस लिटर नवे पाणी तयार झालेले असते. ते वाफेच्या रूपाने खिडकीतून जाते, म्हणून दिसत नाही. जगभर जाळले जाणारे पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू यांचा असा हिशेब मांडला, तर माणूस दरवर्षी अवकाशात जाणाऱ्या पाण्याच्या हजारो पट पाणी नव्याने तयार करतो. ही काही अभिमानाची बाब नव्हे, कारण त्याच धुरातून हवा तापवणारा वायूही बाहेर पडतो. पण पृथ्वी सुकत चालली आहे या भयाला त्यातून परस्पर उत्तर मिळते.

सासूबाईंचे म्हणणे मला अधिक मोलाचे वाटते. पाणी पाताळात गेले, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले आहेत, आणि भूशास्त्राच्या दृष्टीने त्यात शब्दशः तथ्य आहे. महासागराच्या तळाचा खडक जिथे खंडाखाली सरकत जातो, तिथे तो आपल्या खनिजांत बांधलेले पाणी घेऊन खोल उतरतो. ब्राझीलमधील जुइना भागात सापडलेल्या एका हिऱ्यात रिंगवूडाइट नावाच्या खनिजाचा सूक्ष्म कण अडकलेला असल्याचे २०१४ साली जाहीर झाले. हे खनिज भूपृष्ठाखाली चारशे-पाचशे किलोमीटरच्या पलीकडेच तयार होते, आणि त्या कणाच्या वजनात सुमारे दीड टक्का पाणी होते. हे पाणी विहिरीतल्यासारखे वाहते नाही. दगडाच्या रचनेतच ते बांधलेले असते. तरीही पाताळात पाण्याचा प्रचंड साठा असू शकतो, हे त्या एका कणाने दाखवून दिले. खाली गेलेल्या पाण्याचा बराच भाग ज्वालामुखींच्या वाफेतून वर येतो. ग्रीनलँडमधील सुमारे ३८० कोटी वर्षे जुन्या खडकांवरून २०१२ साली काही संशोधकांनी असा निष्कर्ष काढला, की त्या काळचे महासागर आजच्यापेक्षा एक चतुर्थांशापर्यंत मोठे असावेत. म्हणजे पृथ्वीच्या जन्मापासूनचा हिशेब मांडला, तर पाणी थोडे कमी झाले आहे असे म्हणता येईल. परंतु त्या घटीला कोट्यवधी वर्षे लागली आहेत, आणि तुमच्या लग्नाला फार तर पंधरा-वीस झाली असतील. सासऱ्यांच्या विहिरीचे पाणी या पाताळात गेलेले नाही.

राहिले मुलाच्या बाईंचे वाक्य. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. पृथ्वीवर एकूण १३८ कोटी घन किलोमीटरहून थोडे अधिक पाणी आहे आणि माणसाच्या इतिहासात त्यात नोंद घेण्याजोगी घट झालेली नाही. मात्र त्यातील ९६ टक्क्यांहून अधिक पाणी महासागरात आहे. गोडे पाणी अडीच टक्के, आणि त्यातलेही दोन तृतीयांशांहून अधिक अंटार्क्टिका, ग्रीनलँड आणि हिमनद्यांच्या बर्फात अडकलेले. जगातील सर्व नद्यांच्या पात्रांत कोणत्याही एका क्षणी असलेले पाणी जेमतेम दोन हजार घन किलोमीटर भरते, तर आपल्या डोक्यावरच्या हवेत त्याच्या सहापट पाणी वाफ होऊन तरंगत असते. फिरते म्हटलेले हे पाणी सगळीकडे एकाच गतीने फिरत नाही, ही गोष्ट बाईंच्या वाक्यात येत नाही. हवेत गेलेला पाण्याचा कण सरासरी नऊ-दहा दिवसांत खाली येतो. समुद्रात पडलेला तीन हजार वर्षे तिथेच राहू शकतो. खोल खडकात शिरलेला त्याहूनही अधिक. तुमच्या ज्वारीच्या पानातून उडालेले पाणी साधारण दहा दिवसांत परत येईल, पण ते बीड जिल्ह्यात येईल की बंगालच्या उपसागरात, याची हमी निसर्ग देत नाही.

एकूण साठा कायम राहूनही एखाद्या मुलखाचे पाणी कसे नाहीसे होते, याचे सर्वांत करुण उदाहरण म्हणजे मध्य आशियातील अरल समुद्र. १९६० साली तो क्षेत्रफळाने जगातील चौथ्या क्रमांकाचा तलाव होता. त्याला मिळणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी सोव्हिएत राजवटीत कालव्यांनी कापसाच्या शेतांकडे वळवण्यात आले, आणि पन्नास वर्षांच्या आत तलावाचे सुमारे नव्वद टक्के क्षेत्र कोरडे पडले. मासेमारीच्या बोटी वाळवंटात उभ्या राहिल्या. पृथ्वीवरील पाणी त्यामुळे थेंबभरही कमी झाले नाही. ते कापसाच्या पानांतून हवेत गेले आणि दुसरीकडे कुठेतरी बरसले.

आपल्या देशाचा एक सरकारी आकडा पाहा. १९५१ साली भारतात दरडोई दरवर्षी ५,१७७ घनमीटर पाणी उपलब्ध होते आणि २०११ साली ते १,५४५ घनमीटरवर आले, असे सांगितले जाते. भाषणांत हे आकडे पाणी आटल्याचा पुरावा म्हणून येतात. प्रत्यक्षात दोन्ही आकड्यांना त्या त्या वर्षीच्या लोकसंख्येने गुणून पाहिले, तर दोन्ही वेळा उत्तर १,८६९ अब्ज घनमीटर हेच येते. एकूण पाण्याचा आकडा साठ वर्षांत बदललेलाच नाही. माणसे मात्र ३६ कोटींवरून १२१ कोटी झाली. मुलाला हा गुणाकार करायला द्या. नववीच्या मुलाला तो सहज जमेल आणि वर्तमानपत्रातला आकडा कसा वाचावा, हे त्यातून कळेल.

आता तुमच्या विहिरीकडे येतो. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी झाकलेला आहे. या काळ्या पाषाणाच्या पोटात पाणी साठत नाही. ते साठते वरच्या मुरुमात, छिद्राळ मांजऱ्या खडकात, आणि दोन थरांच्या सांध्यांत व भेगांत. भेगा वरच्या भागात दाट असतात आणि खोल जावे तशा साधारणपणे विरळ व मिटलेल्या असतात. उत्तरेतील गंगेच्या मैदानासारखा शेकडो फूट जाडीचा वाळूचा थर आपल्याकडे नाही. सासऱ्यांनी पन्नास फुटांवर विहीर थांबवली, ती पैसे संपले म्हणून असेलही. पण त्या विहिरीने या खडकातील सर्वांत उत्तम साठा गाठला होता. तो साठा दरवर्षी पावसाने भरतो आणि दरवर्षी उपसला जातो. बँकेत ठेवलेली पिढीजात ठेव तो नव्हे, महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पगारासारखा तो आहे.

बहात्तरच्या दुष्काळाची आठवण सांगणारी माणसे एक गोष्ट हटकून सांगतात, की तेव्हा खायला धान्य नव्हते, पण विहिरीला प्यायचे पाणी होते. अलीकडच्या दुष्काळांत दुकानात धान्य असते आणि गावात टँकर उभा असतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर गेले. या मधल्या काळात खडक बदलला नाही. खडक फोडणारी यंत्रे, वीजपंप, आणि त्यांच्या भरवशावर घेतलेली पिके आली. पाऊसही पूर्वीच्या चालीने पडत नाही. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक वाफ धरू शकते. त्यामुळे दांडी मारणारा पाऊस जेव्हा येतो तेव्हा कोसळतो, आणि कोसळलेला पाऊस मुरण्याऐवजी ओढ्याने वाहून जातो. तरी मुख्य कारण उपसाच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे केवळ दुष्काळी पट्ट्यात घडते असेही नाही. २००२ साली पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातील बारीक फरक मोजणारी ‘ग्रेस’ ही उपग्रहांची जोडी सोडण्यात आली. जमिनीखालचे पाणी कमी झाले, की तेवढ्या भागाचे वस्तुमान घटते आणि ते आकाशातून मोजता येते. या मापनातून २००९ साली असे दिसून आले, की राजस्थान, पंजाब आणि हरियाणा या राज्यांनी ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या सहा वर्षांत १०९ घन किलोमीटर भूजल गमावले. कोयनेसारखी छत्तीस धरणे भरतील एवढे हे पाणी होते, आणि त्या वर्षांत पाऊस जवळजवळ सरासरीइतकाच पडला होता.

मग हे उपसलेले पाणी जाते कुठे, या तुमच्या मूळ प्रश्नाला आता सरळ उत्तर देता येईल. पिकांच्या पानांतून ते हवेत जाते, पावसाच्या रूपाने कुठेतरी पडते, नद्यांनी वाहते आणि अखेरीस त्याचा मोठा वाटा समुद्राला मिळतो. १९०० ते २००८ या काळात जगभरातील भूजलसाठ्यांतून सुमारे ४,५०० घन किलोमीटर पाणी कायमचे कमी झाले आणि त्यामुळे समुद्राची पातळी साधारण साडेबारा मिलिमीटर वाढली, असा एका अभ्यासाचा हिशेब आहे. २०२३ साली दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवले, की १९९३ ते २०१० दरम्यान उपसलेल्या पाण्याचे वजन जमिनीखालून समुद्रात सरकल्यामुळे पृथ्वीचा फिरण्याचा ध्रुव सुमारे ऐंशी सेंटिमीटर हलला. आपण पंपाची कळ दाबतो तेव्हा भूगोल हलतो, हे कुणी मला विद्यार्थिदशेत सांगितले असते तर मी ते कीर्तनातले वाक्य समजलो असतो. तुमच्या विहिरीचे पाणी नष्ट झालेले नाही. ते तुम्हाला परत मागता येणार नाही अशा खात्यात जमा झाले आहे.

पत्रात तुम्ही पिकांविषयी काही लिहिलेले नाही, पण दोन बोअर कोरडी पाडणाऱ्या पाच एकरांत ऊस असणार, असे मी धरून चालतो. चुकत असेन तर पुढचा हिशेब सोडून द्या. तुमच्याकडे वर्षाला सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो असे समजू. एका एकरावर तो सुमारे चोवीस लाख लिटर भरतो. काळ्या पाषाणाच्या मुलखात त्यातला साधारण दहावा हिस्सा भूजलापर्यंत पोहोचतो, म्हणजे एकरी सव्वादोन ते अडीच लाख लिटर. तुमच्या पाच एकरांखाली वर्षाला होणारी भर बारा लाख लिटरांच्या आसपास. पाटाने पाणी दिलेल्या एका एकर उसाला वर्षभरात ऐंशी लाख लिटर पाणी लागते. अंगावर पडणारा सगळा पाऊस त्यातून वजा केला, तरी छप्पन्न लाख लिटर जमिनीतून काढावे लागतात. बारा लाखांच्या मिळकतीवर छप्पन्न लाखांचा खर्च. उरलेले चव्वेचाळीस लाख लिटर कुठून येतात? शेजाऱ्याच्या बांधाखालून, वरच्या अंगाच्या पाझर तलावातून आणि मागच्या चांगल्या पावसाच्या शिलकीतून. शेजारीही नेमके हेच करत असतो, म्हणून दोघांची बोअर एकाच आठवड्यात हवा ओढू लागतात. पाच माणसे आणि दोन जनावरे यांना वर्षभर लागणारे पाणी मात्र दीड लाख लिटरांच्या आत भागते. तुमच्या घराची तहान आणि तुमच्या एका एकर उसाची तहान यांत एवढे अंतर आहे.

ऊस लावणाऱ्याला शहरात बसून नावे ठेवणे सोपे आहे आणि मी ते करणार नाही. त्याला बांधलेला भाव आहे, कारखान्याची टोळी येऊन तोडून नेते, आणि तुरीचा भाव ऐन काढणीत कसा पडतो हे मालकांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. म्हणून एकदम मोडा असे न सांगता मी एवढेच सुचवतो, की उभा ऊस तुटून गेल्यावर खोडवा ठेवू नका. त्याच बारा लाख लिटरांतून हरभरा, रब्बी ज्वारी किंवा तूर यांना एकरी दोन लाख लिटरांची एक, अशा सहा पाळ्या देता येतात, आणि ही पिके निम्म्याहून अधिक गरज जमिनीतल्या ओलीवर भागवतात. अर्धा एकर ऊस ठेवायचाच असेल, तर ठिबकवर ठेवा आणि पाचट न जाळता सरीत पसरा.

८०० फुटांच्या बोअरविषयी आता थोडक्यात. खोल गेल्याने नवे पाणी तयार होत नाही. एखादी भेग लागली, तर तिचे पाणी शेकडो वर्षांत साठलेले असू शकते आणि ते दोन हंगामांत संपते. बहुतेक वेळा वरच्याच साठ्यातील पाणी भेगांतून खाली ओघळून नव्या बोअरमध्ये उतरते, आणि मग सासऱ्यांची विहीर संक्रांतीऐवजी दिवाळीलाच तळ दाखवते. नारळ उभा राहण्याचा आणि खडकातील भेगेचा काही संबंध असल्याचे मला एवढ्या वर्षांत आढळले नाही; पाणाड्याला यश येते ते पावसाळ्यानंतर, कारण तेव्हा वरच्या मुरुमात कुठेही पाणी लागते. शिवाय कायद्याची बाजू आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ साठ मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, खोल गेलेली विहीर ‘खोल विहीर’ समजतो आणि अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ती घेण्यास मनाई करतो. तुमचे गाव त्यात येते का, हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारता येईल. या यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी राज्यभर आहेत आणि त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. तुमच्या जवळच्या विहिरीच्या मागच्या वीस वर्षांच्या नोंदी मालकांसोबत जाऊन पाहा. कर्ज काढण्यापूर्वी पाहण्याजोगा कागद तोच आहे.

कोरडे पडलेले ३०० फुटांचे बोअर तसेच उघडे ठेवले असेल, तर हा मजकूर वाचून होताच त्याच्या तोंडावर लोखंडी झाकण बसवून घ्या. लहान मुले आणि अशी भोके यांविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. पुढच्या पावसाळ्यापूर्वी जुन्या विहिरीच्या वरच्या अंगाला एक खड्डा घेऊन त्यात दगडगोटे, खडी आणि वाळू भरा आणि शेतातून वाहणारे पाणी त्यातून गाळून विहिरीत सोडा. बांधबंदिस्ती मोडली असेल, तर ती आधी दुरुस्त करा. तिसऱ्या बोअरच्या खर्चाच्या अल्प भागात हे होईल, फक्त त्याला मेहनत लागेल आणि गाडीचा आवाज होणार नाही, म्हणून काही घडल्यासारखे वाटणार नाही.

एकट्याने केलेल्या कामाला मर्यादा आहे, हेही सांगायला हवे; तुम्ही मुरवलेले पाणी शेजाऱ्याच्या पंपाने ओढले तर त्याला सातबारा दाखवून अडवता येत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने हा प्रश्न ग्रामसभेत सोडवला. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तिथे दरवर्षी पावसाळ्यानंतर गावात किती पाणी मुरले याचा ताळेबंद मांडला जातो, आधी पिण्याचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढले जाते, आणि उरलेल्यात कोणती पिके बसतात ते ठरते. सिंचनासाठी बोअर घेण्यास आणि ऊस-केळी लावण्यास तिथे गावानेच बंदी घातली. पवारांना २०२० साली पद्मश्री मिळाली, पण मला त्यांच्या कामातील सर्वांत अवघड गोष्ट ती बंदी वाटते, कारण ती स्वतःच्याच भाऊबंदांवर घालावी लागते. तुमच्या गावात हे उद्या होईल असे नाही. मात्र तुमच्याच वस्तीवरचे चार शेतकरी एकाच ओढ्याच्या पाण्यावर असतील, तर निदान त्या चौघांनी ऑक्टोबरमध्ये एकत्र बसून पाहावे.

अशा बैठकीला आकडे लागतात, आणि ते काम मुलाला द्या. वीस मीटरच्या दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारायची, टोकाला एखादे वजन बांधायचे, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी विहिरीच्या काठावरच्या एका ठरलेल्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजून वहीत तारखेसह लिहायचे. मोटर आदल्या संध्याकाळपासून बंद असली पाहिजे, नाहीतर आकडा खोटा येतो. काठावर त्याच्यासोबत कुणीतरी मोठे माणूस असू द्या. मालक असले तर अधिक बरे.